दुसऱ्या मोडेमची चूक

लोणावळ्यात वायफाय बंद पडलं की माणसं आधी देवाला हाक मारतात आणि मग मकसूदभाईंना फोन लावतात. देवाचं काही सांगता येत नाही, पण मकसूदभाई येतात. धो धो पाऊस असो, धुक्यात स्वतःचा हात दिसेनासा होवो, अंगावर प्लास्टिकचा कागद गुंडाळून हा छप्पन्न वर्षांचा माणूस स्कूटरवरून दारात हजर. चपला बाहेर काढणार, ओला रुमाल पिळणार आणि वैद्याने आजाऱ्याची जीभ बघावी तसा मोडेमकडे बघणार. एवढ्या वर्षांत त्यांच्या हातून कधी चूक झाली असं कुणी म्हटलेलं नव्हतं. त्यांनी स्वतःही ते कधी म्हटलं नव्हतं, आणि सगळा घोळ तिथेच होता.

बावीस वर्षं ते टेलिफोनच्या कंत्राटावर लाइनमन होते. त्या काळात लाइनमन लोकांची एक रीत होती. तक्रार आली की खांबावरच्या डबीपर्यंत जायचं, तिथे कान लावायचा, तिथवर आवाज येत असला की वहीत लिहायचं : 'आतला फॉल्ट'. म्हणजे तार आमची चोख, घोळ तुमच्या घरात. एकदा हे लिहिलं की लाइनमन सुटला. नव्वद टक्के वेळा ते खरंही असायचं. कुणाच्या घरात उंदराने वायर खाल्लेली, कुणाच्या पोराने फोन आपटलेला. पुढे तांब्याच्या तारा गेल्या, काचेच्या आल्या, कंत्राट संपलं. मकसूदभाई पन्नाशीत नवं काम शिकले, झकास शिकले. रीत मात्र जुनीच राहिली. आधी घरातल्यांवर बोट, मग बाकीचं.

भांगरवाडीतल्या त्यांच्या घरात माणसं दोन आणि मोडेम चार. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनी, एक सिमकार्डावर चालणारा डबा आणि चौथा मागच्या खोलीपर्यंत ताकद पोचवायला. एक लाइन पावसात मेली की दुसरी, दुसरी मेली की तिसरी. त्यांची बायको जैतुनबी रोज त्यांच्यावरची धूळ पुसते आणि म्हणते, "सवत आणली असतीत तर एकच आणली असतीत, ह्या चार कशाला?" कशाला, ते तिलाही ठाऊक आहे. मुलगी तमन्ना साताऱ्याला दिलेली. दर शुक्रवारी ती व्हिडिओवर येते, आणि बोलता बोलता तिचा चेहरा थिजला की मकसूदभाई धावत जाऊन दुसरा डबा लावतात. लेकीचा चेहरा थिजू नये, एवढ्यासाठी हा सगळा संसार.

कुरवंड्यात डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर कोंडाजी आबांचं घर आहे. पुढे जुनं दगडी घर, मागे अंगण ओलांडून पत्र्याच्या चार खोल्या. शनिवार-रविवार ट्रेकवाली पोरं तिथे मुक्कामाला असतात. आबांची बायको शालूबाई आणि सून सारिका वीस-वीस माणसांच्या भाकऱ्या थापतात. मुलगा निलेश देहूरोडला डेपोत कामाला, तिकडेच खोली घेऊन राहतो आणि रविवारी तेवढा घरी येतो. ट्रेकवाल्या पोरांना एक वेळ जेवण उशिरा मिळालेलं चालतं, वायफाय नसलेलं चालत नाही. आणि मोबाइलवरचं नेट म्हणाल, तर ते देवळामागच्या टेकाडावर, तेही दोन काड्या; घरात रेंज नुसती बोलण्यापुरती.

एप्रिलमध्ये आबांनी मकसूदभाईंना बोलावलं. ओसरीत एक मोडेम होता, पण जाड दगडी भिंतीपलीकडे त्याचं काही चालेना. मकसूदभाईंकडे एका बंद झालेल्या हॉटेलातून आलेले पाच जुने मोडेम होते, एकाच जातीचे. त्यातला एक त्यांनी मागच्या खोल्यांत बसवला आणि दोन्ही मोडेम तारेने जोडले.

आता असे दोन मोडेम एका घरात नांदवायचे तर एक पथ्य असतं. घरातल्या प्रत्येक फोनला मोडेम एक नंबर देतो. नंबर मिळाला तरच फोन चालतो. हे वाटप एकट्या पहिल्याने करायचं, दुसऱ्याचं बंद करून ठेवायचं. दोघेही वाटत सुटले तर पंगतीत एकाच पाटावर दोघांना बसवल्यासारखं होतं. मग कधी ह्याचं अडतं, कधी त्याचं. मकसूदभाईंना हे पाठ होतं. त्यांनी फोनवर त्या मोडेमच्या सेटिंगचं पान उघडलं, वाटपाच्या चौकोनातली खूण काढली आणि फोन खिशात टाकला. काम फत्ते. चष्मा स्कूटरच्या डिकीत होता. माणसांसमोर चष्मा लावायचा त्यांना कमीपणा वाटायचा.

मे महिन्यापासून आबांचे फोन सुरू झाले. "मकसूदभाई, लाईन निसती लपंडाव खेळतीय. आत्ता हाय, आत्ता न्हाई. पावनी पोरं वराडत्यात." मकसूदभाई दोनदा येऊन गेले, दोन्ही वेळा लाइन ठणठणीत. जूनमध्ये तिसऱ्यांदा आले तेव्हा मात्र ते चिडलेले होते. त्यांनी ओसरीतल्या मोडेममधली फोनची यादी उघडली. कुठला फोन किती ओढतो ते त्यात दिसतं. सगळ्यात वर एक नाव होतं, सारिका. रोज दुपारी तासभर.

"आबा, माझी लाइन चोख आहे," मकसूदभाई ओसरीभर ऐकू जाईल असं म्हणाले. "घरातच कुणीतरी ओढतंय. हे बघा, सूनबाईंचा फोन."

शालूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "मी म्हनतच हुते. दुपार झाली की बसती कोपऱ्यात फोन घिऊन. भनीशी बोलते म्हनती, पन त्वांडातनं आवाज तरी निगतो का कदी?"

"मग काडून टाका तिचं," आबा म्हणाले.

मकसूदभाईंनी काढून टाकलं. यादीत नाव शोधायचं, त्यापुढे खूण करायची; लाइन ओसरीतल्या मोडेममधूनच आत येते, तिथे बंद ते घरभर बंद. दोन मिनिटांचं काम. सारिका सैपाकघराच्या दारात उभी होती, हात पिठाने भरलेले. तिने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि सासऱ्यांकडे बघून मिटलं. मकसूदभाईंनी ते बघितलं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही, कारण आतला फॉल्ट सापडल्यावर आतली माणसं असंच तोंड करतात.

ऑगस्टमध्ये ते तुंगार्लीला यशोधराबाईंकडे गेले. ह्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्याकडेही मकसूदभाईंनी त्याच पाचांतला एक मोडेम दुसरा म्हणून बसवला होता आणि तिथेही तोच लपंडाव चालू होता. मकसूदभाईंनी सवयीने विचारलं, "घरात कुणी जास्त वापरतं का?"

"घरात मी आणि मांजर," बाई म्हणाल्या. "मांजराकडे फोन नाही. तुम्ही काय काय केलंत ते मला पहिल्यापासून करून दाखवा. आणि तो चष्मा लावा आधी."

मुख्याध्यापिकाच त्या. मकसूदभाईंनी निमूट डिकीतून चष्मा आणला आणि शाळेतल्या पोरासारखं एकेक पायरी मोठ्याने म्हणत दाखवायला लागले. चौकोनातली खूण काढली. "मग?" बाईंनी विचारलं. मग काही नाही, झालं, असं म्हणताना त्यांचं बोट पडद्यावर जरासं सरकलं आणि पान वर गेलं. तळाशी एक लहानसं करडं बटण होतं : जतन करा. ते दाबल्याशिवाय काढलेली खूण आपली आपण परत येत होती. बाकीच्या मोडेमना असलं बटण वरच असतं. ह्या पाचांना ते तळाशी होतं, आणि मकसूदभाईंनी ते दोन्ही वेळा पाहिलेलं नव्हतं.

बाईंनी चहा दिला. मकसूदभाई बोटांवर हिशेब करत बसले. पाचांतले तीन अजून घरीच खोक्यात होते. एक इथे होता. आणि एक कुरवंड्यात. पिठाने भरलेले ते हात त्यांना आठवले आणि कानांच्या पाळ्या तापल्या.

दुसऱ्याच दिवशी, कुणी बोलावलेलं नसताना, ते कुरवंड्याला गेले. "इकडे आलोच होतो," असं आबांना सांगून मागच्या खोलीत शिरले, चष्मा लावला, खूण काढली, बटण दाबलं. पाच मिनिटांत रोग गेला. आता ओसरीत जायचं आणि म्हणायचं, आबा, चूक माझी होती. एवढंच वाक्य. ते त्यांनी येताना स्कूटरवर चारदा म्हणून पाहिलं होतं.

तेवढ्यात सारिका चहा घेऊन आली. कप ठेवला तरी गेली नाही. दाराकडे एकदा बघून हळूच म्हणाली, "चाचा, माजा फोन आता चालू हुईल का?"

मकसूदभाईंनी चष्मा पुसायला घेतला.

"म्या दिसभर न्हाई वो लावत. दुपारी येक घंटाभर. माजी धाकटी भन हाय पवनानगरला, सविता. तिला ऐकू येत न्हाई, बोलता येत न्हाई. शाळंत कुनी घातलीच न्हाई तिला. लानपनी आमी दोगींनी मिळून हाताच्या खुना काडल्या, त्या फकस्त आमाला दोगीलाच कळत्यात. आईलाबी समद्या कळत न्हाईत. साध्या फोनवर मी तिच्यासंगं काय बोलू?"

"टेकाडावर रेंज येते ना?" मकसूदभाईंनी विचारलं, विचारायचं म्हणून.

"जाऊन आले. चित्र थिजतं. हातच हालना झाले तर तिला काय कळनार? आनि सीझन हाय, पावनी हायती, म्हायेरी कोन सोडतंय आत्ता? दुसऱ्याचा फोन मागायची तर चोरीच."

ओसरीतून आबा ओरडले, "काय झालं वो मकसूदभाई? कुटं बिघाड हाय?"

आणि मकसूदभाई म्हणाले, "काही नाही आबा. बरी आहे लाइन." मग सारिकाकडे न बघता म्हणाले, "पुढच्या खेपेला बघू. नुकतीच कुठे लाइन बसलीय."

त्यांनी असं का म्हटलं? त्याचा हिशेब त्यांच्या डोक्यात लख्ख होता. तिचा फोन चालू केला आणि तरीही लाइन तुटली नाही, तर फॉल्ट तिचा नव्हता हे शेंबडं पोरही ओळखेल. मग कुणाचा होता, असं विचारतील. बावीस वर्षांचं नाव आणि पोरीचा एक तास ह्यांत त्यांनी नाव राखलं. गुपचूप चालू करावा असंही क्षणभर वाटलं. पण मग शालूबाई म्हणतील सुनेने चोरून लावला, आणि पुन्हा तीच पोर गुन्हेगार. ते चहा तसाच टाकून निघाले. मुद्दाम केलेल्या ह्या दुसऱ्या चुकीपुढे पहिली काहीच नव्हती, हे उतारावरच त्यांना कळलं होतं. तरी स्कूटर मागे वळली नाही.

शुक्रवारी तमन्ना व्हिडिओवर आली. हसत होती, नातवाचे नवे दात दाखवत होती, चेहरा एकदाही थिजला नाही. मकसूदभाई मध्येच उठून गेले. जैतुनबीने विचारलं, "पोरगी बोलतेय आणि तुम्ही कुठे चाललात?" ते म्हणाले, डोळ्यात काहीतरी गेलंय. मोरीत जाऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं आणि बराच वेळ नळ तसाच चालू ठेवला. एवढी लाज त्यांना जन्मात कधी वाटली नव्हती, आणि ती कुणाला दाखवायची सोय नव्हती.

इकडे कुरवंड्यात लाइन झकास चालू लागली, तशी आबांची कळी खुलली. गणपतीत देवळापुढे बसून त्यांनी गावाला सांगितलं, "मकसूदभाईनं बराबर रोग वळकला. सुनंचा फोन काडला, दोन म्हैन्यात लाईन कशी पान्यावानी निवळली." लोकांनी माना डोलावल्या. ज्याला त्याला आपापली सून आठवली.

गणपती उठल्यावर आठवड्याभरात हनुमंतचा फोन आला. हा आबांचा शेजारी, त्याच्याही घरी दोन मोडेम. मकसूदभाई गेले. त्याच्या मागच्या मोडेमची तार उन्हापावसाने चिरली होती, ती बाहेरूनच दिसत होती. ते तार बदलायला बसले तेवढ्यात हनुमंत म्हणाला, "तार बिर ऱ्हाऊ द्या. आदी आमच्या सुनंचं नाव काडा यादीतनं. आबांच्यात काडलं तसं. लय बघती फोन."

भिंतीशी एक पोरगी उभी होती, लग्नाला वर्ष झालं असेल नसेल. तिने फोन पदराआड धरला होता. ती मकसूदभाईंकडे बघत होती, शिक्षा सांगणाऱ्याकडे बघतात तशी.

मकसूदभाईंनी हातातली पकड खाली ठेवली. "हनुमंत, सुनेचा काही दोष नाही," ते म्हणाले. "तार चिरलीय. आणि आबांच्या सुनेचाही नव्हता. तिकडे फॉल्ट माझा होता."

बोलून गेले आणि मग उठले. पिशवी, स्कूटर सगळं हनुमंतच्या दारात टाकून, चष्मा तेवढा खिशात घेऊन ते आबांच्या घराकडे चालत निघाले. दोन घरांचंच अंतर होतं.

ओसरीत आबा बुकिंगचा फोन घेत होते, शालूबाई लसूण सोलत होत्या. "सूनबाईंना बोलवा," मकसूदभाई म्हणाले. सारिका आली. आणि त्यांनी उभ्यानेच सगळं सांगितलं. तळाचं बटण सांगितलं, चष्मा सांगितला, ऑगस्टमध्ये गुपचूप दुरुस्त करून गेलो तेही सांगितलं. "हिने विचारलं, तेव्हा मला माहीत होतं. तरी मी पुढच्या खेपेला बघू म्हणालो. माझं नाव जाईल म्हणून."

आबा हसले. "आवो मकसूदभाई, मशीनच हाय ते! बारीकशी चूक. बसा, च्या घ्या."

"बारीक नाही, आबा."

शालूबाईंचे हात थांबले होते. "म्हंजी हिच्यामुळं जात नवती लाईन?" त्यांनी विचारलं. त्या सुनेकडे न बघता पुन्हा लसूण सोलायला लागल्या, पण सोललेल्या पाकळ्या टरफलांत पडत होत्या.

सारिका रडली नाही, भांडलीही नाही. म्हणाली, "मलाबी वाटलं, माज्यामुळंच जात आसंल. तुमी सांगितल्यावर खोटं कोन म्हनंल?"

ह्यापेक्षा तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मकसूदभाईंना सोसल्या असत्या. त्यांनी चष्मा लावला, ओसरीतल्या मोडेममध्ये तिच्या नावापुढची खूण काढली, जतन करायचं बटण दाबलं. पुन्हा एकदा दाबलं. सारिकाने तिथेच फोन लावला.

बऱ्याच वेळाने तो उचलला गेला. पडद्यावर सतरा-अठरा वर्षांची मुलगी आली, केस विसकटलेले. ती बहिणीकडे बघत राहिली, तिचे हात वर आलेच नाहीत. सारिका भराभर खुणा करत होती, हसत होती. मग सविताने दोन्ही गाल फुगवले, त्यावर मूठ टेकली आणि ती मूठ स्वतःच्या छातीवर आणून तळहात उघडला.

"काय म्हणते?" मकसूदभाईंनी विचारलं.

सारिकाने पडद्यावरून नजर न काढता सांगितलं. "म्हनती, माज्यावर का रुसलीस? म्या काय केलं?"

तीन महिने ती पोर हेच धरून बसली होती. मोडेम, यादी, बंद केलेलं नाव, ह्यातल्या कशालाच त्यांच्या भाषेत खूण नव्हती. तिच्या घरातल्या सगळ्यांचे फोन चालत होते, फक्त ताईचा चेहरा येत नव्हता. त्याचा अर्थ तिने एकच लावला होता.

"चाचा, काय सांगू तिला?"

"मी केलं म्हणून सांग."

"मोडेमचं कसं सांगू? आमच्यात त्याला खून न्हाई." आणि तिने फोनच त्यांच्याकडे वळवला.

आता पडद्यात सविता त्यांच्याकडे बघत होती. गावोगाव बोलून नाव कमावलेल्या माणसाला तोंड उघडून उपयोग नव्हता. मकसूदभाईंनी चष्मा काढला. आबांच्या देखत, शालूबाईंच्या देखत, छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचे कान धरले आणि मान खाली घातली. ही खूण कुणालाही शिकवावी लागत नाही.

त्यांनी वर बघितलं तेव्हा ती अजून बघतच होती. मान हलली नाही, ओठ हलले नाहीत. मग तिने फोन उपडा ठेवला आणि पडदा काळा झाला.

"तिला कळलं ना?" मकसूदभाईंनी विचारलं. हात अजून कानांवरच होते.

"कळलं," सारिका म्हणाली. तिने फोन पदराने पुसला. "उद्या दुपारी लावीन परत. पन चाचा, उद्या मी येकलीच आसंन. तुमी नका येऊ."